प्रभू येणार आहे, मग होम लोन घ्यायचं की नाही?

तुझा मेसेज दोनदा वाचला. मला नीट कळलाय का ते आधी बघ. लहानपणापासून आजी सांगायची की प्रभू येशू लवकर परत येणार, आणि ती वाट बघता बघताच गेली. आता तू २८ वर्षांचा, कल्याणला भाड्याने राहतोस, लग्न ठरलंय, आणि २० वर्षांचं होम लोन घ्यायचं चाललंय. त्यात तुमच्या प्रेयर ग्रुपमधला एक मित्र म्हणतो, ज्याला खरंच वाटतं प्रभू येतोय तो २० वर्षांचं कर्ज काढेलच कसा, आणि त्याने स्वतः तर नोकरीच सोडलीय. मग तुला वाटायला लागलं की आपलाच विश्वास कमी पडतोय. शेवटी विचारलंस, "काका, वाट बघायची म्हणजे एक्झॅक्टली करायचं काय?"

मी मुंबईत मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ३१ वर्षं पाळक होतो, आता रिटायर आहे. हा प्रश्न मला कॉटेज मीटिंगमध्ये विचारलाय, हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये विचारलाय, एकदा तर शिवडीच्या कबरस्तानात माती देऊन झाल्यावर गेटवर हात धुताना विचारलाय. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

लोनचं आधी सांगून टाकतो, नाहीतर तू सगळं वाचेपर्यंत तेच शोधत राहशील. हप्ता पगारात बसतोय ना, मग घे.

का ते बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३२ वा अध्याय काढून बघ. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलाय, शहर पडणार हे खुद्द यिर्मयानेच वर्षानुवर्षं ओरडून सांगितलंय आणि त्यापायीच तो पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत बसलाय. अशात त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथचं आपलं शेत तू विकत घे. आता विचार कर, गावाकडची जमीन शत्रूच्या ताब्यात गेल्यात जमा आहे, भाव काय असणार त्या जमिनीचा, आपल्याकडचा कुठलाही एजंट हसला असता. आणि हा माणूस १७ शेकेल चांदी तोलून देतो, खरेदीखत करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, एक प्रत मोहरबंद आणि एक उघडी, आणि आपला लेखनिक बारूख याला सांगतो की हे दोन्ही मातीच्या भांड्यात ठेव म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. का, तर देवाने सांगितलंय की या देशात लोक पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतील. बाबेलच्या बंदिवासातून परत यायला ७० वर्षं लागणार हेही त्यानेच लोकांना आधी कळवलेलं होतं, म्हणजे त्या शेतातला एक दाणाही स्वतःच्या तोंडात पडणार नाही हे त्याला पक्कं माहीत. तरी कागद पक्के केले. माझ्या मते अख्ख्या जुन्या करारात भरवशाने वाट बघण्याचं याच्याइतकं व्यवहारी उदाहरण दुसरं नाही, आणि आपण ते क्वचितच संडे स्कूलमध्ये शिकवतो कारण त्यात सिंह नाही, गोफण नाही, नुसतं रजिस्ट्रेशन आहे.

आता माझी स्वतःची गोष्ट. सासऱ्यांची खोली होती चाळीत, ती २००६ मध्ये पाडली. बिल्डर म्हणाला तीन वर्षांत पझेशन. आम्हाला सायनकडच्या ट्रान्झिट कॅम्पात पाठवलं, आणि तिथे आमची १३ वर्षं गेली. मुंबईकराला हे समजावून सांगायची गरज नाही, प्रत्येकाच्या नात्यात कोणीतरी असं अडकलेलं असतं. तर त्या मजल्यावर आमच्या दोन बाजूला दोन शेजारी. डावीकडचे काका चांगले होते, पण त्यांचं पहिल्या दिवसापासून एकच, "आता जायचंच आहे ना इथून." नळ गळायचा, खाली बादली ठेवायचे. भिंतीला ओल आली, कॅलेंडर लावून झाकायचे. पितळेची भांडी खोक्यात बांधून आणली होती, ती खोकी उघडलीच नाहीत, पलंगाखाली तशीच, त्यावर उंदरांनी संसार केला. कोणी म्हटलं पॅसेजच्या दिव्यासाठी वीस वीस रुपये काढू, तर म्हणायचे कशाला, आता काय, दिवाळीपर्यंत नवीन घरात असू. दिवाळ्या किती आल्या नि गेल्या.

उजवीकडे एक मावशी, विधवा, घरी पोळीभाजी करून द्यायच्या. त्यांनी आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात नळाला वायसर बसवला. रंगाच्या डब्यात कढीपत्ता लावला. संडासच्या बाहेर दिवा नव्हता तर स्वतः बल्ब आणून लावला आणि कोणी चोरला की परत लावायच्या. बघणाऱ्याला वाटेल ही बाई इथेच रमली, हिला नव्या घराचं काही पडलेलं नाही. पण उलट होतं रे. बिल्डरच्या ऑफिसात सोसायटीची जी मीटिंग व्हायची तिला मावशी एकदाही चुकल्या नाहीत. भाडेपावत्या, रेशनकार्ड, करार, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत, झेरॉक्ससकट. काका मात्र मीटिंगला यायचे नाहीत, म्हणायचे तुम्ही सांगा काय ठरलं ते. २०१९ ला चावी वाटायची वेळ आली तेव्हा मावशींचं काम एका सकाळी झालं, आणि काकांचा एक कागद कमी निघाला, आणखी पाच महिने फेऱ्या मारल्या बिचाऱ्यांनी. खोकी बांधून बसलेला माणूस जायला तयार नव्हता आणि नळ दुरुस्त करणारी बाई तयार होती. तेव्हापासून मी या विषयावर कुठेही बोललो तरी या दोन खोल्या माझ्या डोळ्यासमोर असतात.

आता तुझ्या मित्राकडे येऊ. त्याच्यावर हसू नकोस, तो नवीन काही करत नाहीये. ग्रीसमधल्या थेस्सलनीकाच्या मंडळीत हेच झालं होतं. प्रेषित पौलाने तिथे इ.स. ५० च्या आसपास पत्रं लिहिली, नव्या करारातल्या सगळ्यात जुन्या लिखाणात ती मोजतात, म्हणजे मंडळी जन्मून धड काही वर्षं झाली नाहीत तोवर हा प्रश्न आलेला. काही लोक काम सोडून बसले आणि दुसऱ्यांच्या घरी जेवायला लागले, वर नसत्या उठाठेवी. दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल सरळ सांगतो, ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. आणि हे सांगणारा माणूस कोण, तर स्वतः तंबू शिवून पोट भरणारा, आणि "प्रभू येईल तेव्हा आपण जे जिवंत उरू" असं लिहिणारा, म्हणजे आपल्या हयातीत होऊ शकतं हे तो धरून चाललाय. तोच पौल रोमकरांना कळवतो की मला स्पेनला जायचंय, वाटेत तुमच्याकडे उतरेन, मला पुढे पोहोचवायची व्यवस्था करा. बघ म्हणजे, पुनरागमनाची सगळ्यात जास्त वाट बघणारा माणूस पुढच्या दौऱ्याचा प्लॅन करतोय. तुझ्या मित्राला हे दाखव, पण दाखवताना त्याच अध्यायात पुढे आहे तेही लक्षात ठेव, अशा माणसाला शत्रू समजू नका, भाऊ म्हणून समज द्या. आणि वचन दाखवायच्या आधी एक साधी गोष्ट विचार, घर कोण चालवतंय आता? आईची औषधं कोण आणतंय? माझ्या अनुभवात अशा प्रत्येक "विश्वासाच्या पावला"च्या मागे एक बायको किंवा एक आई असते जी गुपचूप टिफिन बनवायला लागलेली असते.

त्याला हे कुठून आलं त्याचा अंदाज आहे मला. व्हॉट्सअ‍ॅपवर ते व्हिडिओ मलाही येतात. मागे एकाने पाठवला, त्यात भाऊ सांगत होते की येत्या सप्टेंबरात सगळं संपणार, आणि बरोबर मध्येच जाहिरात आली, २० वर्षांच्या होम लोनची! मी आणि बायको इतके हसलो. मत्तय २४:३६ मध्ये प्रभू स्वतः म्हणतो की तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. यानंतरही माणसं कॅल्क्युलेटर घेऊन बसतात. अमेरिकेत विल्यम मिलर नावाचा शेतकरी होता, बाप्टिस्ट, प्रामाणिक माणूस, दानीएलाच्या पुस्तकातल्या २३०० दिवसांवरून त्याने हिशेब मांडला, आणि शेवटी त्याच्या चळवळीत तारीख ठरली २२ ऑक्टोबर १८४४. हजारो लोक त्या रात्री जागे राहिले, काहींनी शेतातलं पीक काढलंच नाही. सकाळ झाली. इतिहासात त्याला मोठी निराशा असंच नाव पडलंय. मग अगदी परवा परवा, २०११ मध्ये, कॅलिफोर्नियाचे रेडिओवाले हॅरोल्ड कॅम्पिंग, आधी २१ मे, ती चुकली तर २१ ऑक्टोबर. एक मात्र त्यांच्याबद्दल म्हणायला हवं, पुढच्या वर्षी त्यांनी जाहीर कबूल केलं की तारीख सांगणं हे पापच होतं. एवढी हिंमत आपल्याकडच्या व्हिडिओवाल्यांत दिसत नाही, ते जुना व्हिडिओ डिलीट करतात आणि नवीन टाकतात.

दुसऱ्यांना नावं ठेवताना माझंही सांगतो. डिसेंबर १९९९. सगळीकडे वायटूकेची भीती, म्हणजे २००० साल लागताच कॉम्प्युटर गडबडणार, विमानं पडणार, बँका बंद होणार. मी तेव्हा पस्तिशीचा, चार लोक आपलं ऐकतायत याची नशा होती. लागोपाठ चार रविवार मी शेवटच्या काळावर संदेश दिले, भूकंप काय, लढाया काय, हातवारे करून. लोक रडायचे, मला वाटायचं आत्मा काम करतोय. जानेवारीत एक बाई मुलाची गणिताची वही घेऊन माझ्याकडे आल्या. मुलगा दहावीला होता. वहीत १२ डिसेंबरनंतर एक ओळ नव्हती. तो घरी म्हणाला होता, पाळकसाहेब सांगतायत ना, मग मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा होणारच नाही. मी त्या वहीकडे बघत बसलो, काय बोलणार. पुढचे दोन महिने रोज संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन मी त्या पोराला बीजगणित शिकवलं, माझं स्वतःचं गणित दिव्य होतं तरी. ५२ टक्क्यांनी पास झाला. त्या वर्षापासून मी पुनरागमनावर बोलतो तेव्हा आधी स्वतःला विचारतो, हे ऐकून सोमवारी सकाळी ऐकणारा काय करेल? कामावर जास्त नीट जाईल की जायचाच बंद होईल?

मग करायचं काय. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय घे, पण आपण घेतो तसा फक्त सातवं-आठवं वचन नको, पूर्ण घे. सातव्यात शेतकऱ्याचं उदाहरण आहे, तो जमिनीच्या मोलाच्या पिकाची वाट बघतो, पहिला आणि शेवटला पाऊस मिळेपर्यंत धीर धरतो. पॅलेस्टाईनमध्ये पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरकडे, त्याच्यावर पेरणी, आणि शेवटला मार्च-एप्रिलकडे, त्याच्यावर दाणा भरतो. आपला मान्सून वेगळा, पण माझे वडील नेवाशाकडचे शेतकरी, त्यामुळे मला हे वचन पुस्तकातून समजावं लागलं नाही. मृगात पेरलं की वडील आभाळाकडे बघायचे हे खरं, दिवसातून दहादा बघायचे. पण बघता बघता हात चालू असायचे. कोळपणी, खुरपणी, बांध फुटला तर बांध. बाजरी निसवली की माळ्यावर बसून गोफणीने पाखरं राखायची, ते आम्हा पोरांचं काम, शाळा बुडवून. पाऊस आणणं त्यांच्या हातात नव्हतं आणि खुरपणी पावसाच्या हातात नव्हती, आणि या दोन गोष्टींची त्यांनी कधी गल्लत केली नाही. खुरपलं म्हणून पाऊस लवकर येतो असं त्यांना वाटायचं नाही, आणि पाऊस येणारच आहे म्हणून खुरपं टाकून बसलेत असंही कधी झालं नाही. ज्या वर्षी पाऊस आलाच नाही, १९७२ ला, तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले, पण बियाण्याचं पोतं विकलं नाही. आई म्हणाली विका, घरात खायला नाही. त्यांनी नाही विकलं. त्या पोत्यात काय होतं ते मला खूप नंतर कळलं, मी स्वतः पाळक झाल्यावर.

पण मी म्हटलं अध्याय पूर्ण वाच, त्याचं कारण सांगतो. धीर धरा म्हणायच्या आधी, चौथ्या वचनात, याकोब काय बोलतोय? ज्या मजुरांनी तुमची शेतं कापली त्यांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. आणि धीर धरा म्हटल्यावर लगेच नवव्यात, एकमेकांविरुद्ध कुरकुर करू नका, न्यायाधीश दाराशी उभा आहे. पुढे शपथा वाहू नका, तुमचं होय ते होय असू द्या. पुढे कोणी आजारी असेल तर मंडळीच्या वडीलजनांना बोलवा, प्रार्थना करा, तेल लावा. म्हणजे वाट बघण्याचं वचन मजुरी, भांडणं, बोली आणि आजारपण यांच्या मध्ये घट्ट बसवलेलं आहे आणि आपण ते उचलून कॅलेंडरवर छापतो, मागे सूर्यास्ताचा फोटो.

लूक १२ मध्ये प्रभू जी गोष्ट सांगतो तिच्यातही हेच. धन्याने कारभारी नेमलाय, सगळ्यांना वेळच्या वेळी शिधा वाटायला. तो मनात म्हणतो माझा धनी यायला उशीर लावतोय, आणि पुढची गोष्ट काय करतो? प्रार्थना बंद करतो असं नाही लिहिलेलं. बरोबरच्या चाकरांना, बायकांना मारायला लागतो आणि खायला-प्यायला लागतो. वाट बघणं सुटलं की ते पहिल्यांदा आपल्या हाताखालच्या माणसाला कळतं. म्हणून कोणी मला म्हणालं की मी प्रभूच्या येण्याची फार आतुरतेने वाट बघतोय तर मी मनात म्हणतो, तुझ्याकडे कामाला येणाऱ्या ताईला भेटू दे एकदा, तिने सांगितलं तर मानेन. लिफ्टमनशी कसा बोलतो, डिलिव्हरीवाल्या पोराला पावसात गेटवर किती वेळ उभा ठेवतो. आमच्या जुन्या मंडळ्यांनाही हे लागू आहे बरं, आमच्यातला रोग तुझ्या मित्राच्या उलटा. आम्ही दर रविवारी मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, म्हणतो, तो जिवंतांचा व मृतांचा न्याय करायला पुन्हा येईल, तोंडपाठ, आणि तिथून बाहेर पडलो की कमिटीच्या इलेक्शनवरून एकमेकांवर वकिलाच्या नोटिसा. आम्ही तारीख कधी काढली नाही, कारण तो येणार आहे हेच आम्ही विसरलो. दोघांत कोण जास्त चुकला म्हणशील तर मला तुझा मित्र परवडला.

आता तू म्हणशील काका, म्हणजे सतत काहीतरी करत राहायचं, धावत राहायचं. तर नाही, आणि हे नीट ऐक कारण मुंबईत आपल्याला आधीच धावायची सवय. दहा कुमारींची गोष्ट आठव, दिवे घेऊन वराला सामोऱ्या गेलेल्या, पाच शहाण्यांनी भांड्यात जादा तेल घेतलं, पाच मूर्खांनी नाही. वराला उशीर झाला तेव्हा झोपल्या कोण? फक्त मूर्ख झोपल्या असं आपल्या डोक्यात असतं. वाचून बघ, दहाच्या दहा झोपल्या! शहाण्या पण. झोपल्याबद्दल कोणी बोलणी खाल्ली नाहीत, फरक पडला तो तेलाच्या भांड्यामुळे. दमणं, डुलकी लागणं, काही महिने प्रार्थनेत रस न वाटणं, हे माणसाला होतं, ते मलाही झालंय.

आमच्या मंडळीत एक बाई होत्या, डायलिसिसवर, आठवड्यातून तीनदा, सात वर्षं. जाऊन यायचं, दुसऱ्या दिवशी पडून राहायचं, मग पुन्हा जायचं. एकदा मला म्हणाल्या, पाळकसाहेब, तुम्ही म्हणता वाट बघणाऱ्याने कामात सापडावं, मी कशात सापडणार, मशीनला लावलेली? मला त्या दिवशी उत्तर सुचलं नाही. नंतर त्यांनीच शोधलं. मशीनवरच्या चार तासांत बाजूच्या बेडवरच्या माणसांची नावं, मुलांची नावं त्या पाठ करायच्या आणि घरी पडल्या पडल्या एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करायच्या, आणि जो पुढच्या वेळी आला नाही त्याच्या घरी फोन करायच्या. बस एवढंच. त्यांच्या मातीला निम्मी माणसं डायलिसिस सेंटरची होती, त्यात एक मौलवी साहेबही होते. याकोबाने त्या अध्यायात धीरासाठी दोन वेगळे ग्रीक शब्द वापरलेत. शेतकऱ्यासाठी मॅक्रोथुमिया, म्हणजे लांब पल्ल्याचं मन, पटकन न भडकणारं. आणि पुढे, सगळं गमावून बसलेल्या ईयोबासाठी हुपोमोने, ज्यात ओझ्याखाली टिकून राहण्याचा अर्थ आहे, दादरच्या मार्केटातल्या हमालासारखं. सगळ्यांच्या वाट्याला शेतकऱ्याचाच धीर येत नाही. ईयोबाच्या वाट्याला रडणं, भांडणं, देवाला जाब विचारणं आलं आणि तरीही त्याचं नाव या यादीत आहे. म्हणून रडू आलं तर रडायचं. "ये, प्रभू येशू" ही बायबलमधली जवळजवळ शेवटची ओळ आहे आणि ती नेहमी आनंदाने म्हणायची असते असं कोणी सांगितलंय? मी ती जास्त वेळा हॉस्पिटलात म्हटलीय.

एक आपल्याच मातीतलं उदाहरण देतो आणि मग तुझ्या आजीकडे येतो. पंडिता रमाबाई. केडगावला मुक्ती मिशन, १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, विहिरी खोदल्या, मुलींना विणकाम, छपाई शिकवली, हे सगळं तुला माहीत असेल. पण शेवटची वर्षं बघ. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल करायला घेतलं, त्या भाषा शिकून. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली, जिच्या हातात सगळं सोपवायचं होतं तीच. त्यानंतरही बाईंनी प्रुफं तपासायचं सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, छापलेलं पूर्ण बायबल आलं १९२४ ला. मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांनी जुळवलेले खिळे. स्वर्गाची ओढ त्यांना आपल्यापेक्षा कमी नव्हती, पण शेवटपर्यंत बोटाला शाई होती. आणि हो, ते "उद्या जग संपणार असलं तरी आज मी सफरचंदाचं झाड लावीन" वाक्य मार्टिन ल्यूथरच्या नावावर फिरतं ना, ते त्याच्या लिखाणात सापडत नाही. संदेशात वापरू नकोस, रमाबाई वापर, ते खरं तरी आहे.

आजीबद्दल. तू लिहिलंस की ती फसली का असं वाटतं. हाच प्रश्न थेस्सलनीकाकरांनी पौलाला विचारला होता, जसाच्या तसा. वाट बघता बघता आमची माणसं मेली, ती आता मुकली का? पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल उत्तर देतो, ख्रिस्तामध्ये मेलेले ते आधी उठतील, आपण जिवंत उरलेले त्यांच्या पुढे जाणार नाही. म्हणजे रांगेत तुझ्या आजीचा नंबर तुझ्या पुढे आहे. आणि ती नुसती वाट बघत बसली होती असं तूच लिहिलेलं नाहीस. तुझ्याच मेसेजात आहे की ती चाळीतल्या तीन पोरांना अ-आ-इ शिकवायची आणि बुधवारी कोणाकडे तरी आजाऱ्याला पेज घेऊन जायची. तुला फक्त तिचं वाक्य आठवतंय, तिचे बुधवार विसरलास.

बाकी रोजचं विचारशील तर माझ्याकडे मोठा प्रोग्राम नाही. "तुझे राज्य येवो" रोज म्हणतोसच, ते म्हणताना अर्धा सेकंद थांब. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन चुकवू नकोस, पौल म्हणतो ती भाकर खाताना आपण प्रभूच्या मरणाची घोषणा करतो "तो येईपर्यंत", त्या दोन शब्दांवर लक्ष ठेव. आगमनकाळाचे, म्हणजे ख्रिसमसआधीचे, चार रविवार शॉपिंगमध्ये घालवू नकोस. आणि एखादं असं काम हातात घे ज्याचं फळ तुला दिसायची शक्यता कमी आहे, पोरांना शिकवणं असेल, म्हाताऱ्या माणसांकडे जाणं असेल, सोसायटीच्या गच्चीची गळती असेल तरी चालेल. मित्राला घेऊन जा बरोबर, रिकामा आहे तो सध्या.

लोनचं मात्र दोन गोष्टी सांभाळ. दशांश, म्हणजे देवाला द्यायचा कमाईचा दहावा भाग, आणि घरच्यांचं औषधपाणी बाजूला काढून मग उरलेल्यात हप्ता बसवायचा, उलटं नाही. आणि बिल्डरचे कागद वकिलाला दाखवल्याशिवाय टोकन देऊ नकोस, प्रार्थना केलीय म्हणून टायटल क्लिअर होत नाही. रजिस्ट्रेशनला दोन साक्षीदार लागतील. एक तुझा सासरा होईल, दुसरा कोणी नसेल तर मला फोन कर, आधार कार्ड घेऊन दादरवरून फास्ट पकडून येतो. फक्त सकाळची अपॉइंटमेंट घे, संध्याकाळच्या कल्याण लोकलमध्ये चढायचं आता माझं वय नाही राहिलं.